घरचं जीवनसत्त्व

आमच्या प्रयोगशाळेत जंतूंचे जेवढे लाड होतात तेवढे माझ्या घरात कुणाचेच होत नाहीत. वेळेवर जेवण, हवी तेवढीच ऊब, दिवसभर पाळण्यासारखं हलवणारं यंत्र, आणि जरा अंग धरलं की सगळ्यांकडून कौतुक. बदल्यात त्यांनी एकच काम करायचं होतं. बी-बारा हे जीवनसत्त्व बनवायचं. ते अंगात कमी पडलं की हातापायांना मुंग्या येतात, मग बधिरपणा येतो. दुकानात मिळतं तेही जंतूच बनवतात, पण ते जंतू फार सावकाश काम करतात. आमचे जंतू भराभर वाढणारे. त्यांच्यात दुसऱ्या जंतूंची जनुकं घालून आम्ही हे जीवनसत्त्व स्वस्तात काढणार होतो. काढणार होतो, हे महत्त्वाचं.

हे सगळं मी घरी जेवताना सांगितलं आणि सासऱ्यांनी ते मनावर घेतलं.

सासरे घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून, तिळाएवढे स्क्रू चिमट्याने उचलण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आता ते स्क्रू त्यांच्या बोटांना कळेनासे झाले होते. माझंच घड्याळ दुरुस्तीला उघडलं होतं, ते तसंच पोट फाडून त्यांच्या टेबलावर पडलं होतं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, बी-बारा तळाला गेलंय म्हणाल्या आणि इंजेक्शनं लिहून दिली. सासऱ्यांनी कागदाची घडी करून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली घातली.

"माझी सून हेच बनवते," ते म्हणाले. "घरात विहीर असताना मी नळावर रांग लावू?"

"बाबा, विहिरीला अजून पाणी लागलेलं नाही. आणि लागलं तरी ते असं ग्लासात भरून घरी आणता येत नाही."

"येईल, येईल. मला कुठे घाई आहे?"

घाई त्यांच्या बोटांना होती, पण बोटांना विचारतो कोण? शेजारीपाजारी, गिऱ्हाइकं, दूधवाला, सगळ्यांना त्यांचं सांगून झालं होतं की सूनबाईचं औषध आलं की हात पहिल्यासारखे होणार. मी रोज भांडायचे. नवरा वर्तमानपत्रामागून म्हणायचा, "तुम्ही दोघं बघा काय ते." फार मोलाची मदत व्हायची त्याची.

आणि मग एके दिवशी तपासणीच्या यंत्राने जीवनसत्त्व दाखवलं. चक्क भरपूर. आमचे साहेब, ज्यांनी जंतू शेवटचे कधी पाहिले ते जंतूंनाही आठवत नसेल, धावत आले. लगेच पाहुणे ठरले, भाषण ठरलं, भाषणात "मी" किती वेळा येणार तेही बहुधा ठरलं. मी घरी फोन केला. सासरे एवढंच म्हणाले, "बघ. मी म्हटलं नव्हतं?" त्यांचा आवाज ओला होता. मलाही भरून आलं.

पुढच्या खेपेला गडबडीत मी एका फ्लास्कमध्ये जंतू घालायलाच विसरले. सकाळी बाकीचे फ्लास्क गढूळ, हा आपला स्वच्छ. फेकणार होते, पण म्हटलं गंमत म्हणून तपासू. त्यातही जीवनसत्त्व निघालं. बाकीच्यांइतकंच.

जंतूंच्या जेवणात आम्ही मांसाचा अर्क घालतो, आणि त्या अर्कात हे जीवनसत्त्व मुळातच असतं. आम्ही वाढलेलं ताट आम्हीच मोजलं आणि स्वयंपाक जंतूंनी केला म्हणून नाचलो. ते नुसते आयत्या बिळावरचे नागोबा. पण नुसतं जेवण, जंतूंशिवाय, असा फ्लास्क आम्ही कधी तपासलाच नव्हता. साहेबांचा नियमच होता: यंत्रावर जागा कमी आहे, रिकामटेकड्यांना चढवू नका.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," साहेब दार लावून म्हणाले. "पाहुणे येऊन जाऊ दे. मग हळूच दुरुस्ती करू."

"माझ्या घरी एक माणूस त्या मुठीकडे डोळे लावून बसलाय, साहेब."

त्यांना वाटलं मी भावुक झाले. झालेच होते. बाहेर येऊन मी सगळ्यांसमोर तो स्वच्छ फ्लास्क टेबलावर ठेवला आणि आकडा सांगितला. समारंभ 'काही अडचणींमुळे' पुढे गेला आणि काचसामान धुण्याचं काम माझ्याकडे आलं. साहेबांची विनोदबुद्धी शाबूत होती.

घरी सासरे माझ्या घड्याळाशी झटत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी भिंग काढलं.

"म्हणजे बनत नाही?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही, बाबा. ताटात आम्हीच वाढलेलं होतं."

त्यांनी वाकून टेबलाच्या पायाखालचा कागद काढला. टेबल डुगडुगलं.

डॉक्टरीणबाईंनी सुई टोचता टोचता सुनावलं, "आधी यायला हवं होतं. आता जेवढं परत येईल तेवढं आपलं." सासऱ्यांनी बाटली हातात घेऊन न्याहाळली आणि मला विचारलं,

"हेही जंतूंनीच केलेलं?"

"हो."

"पण आपल्या नाही."

"आपल्या नाही."

काही आठवड्यांनी त्यांच्या पायांतल्या मुंग्या गेल्या. तर्जनीला स्पर्श कळू लागला. अंगठा मात्र मुका राहिला, आणि अंगठ्याशिवाय चिमटा धरता येत नाही. एका रविवारी त्यांनी माझ्या घड्याळाचे सगळे भाग डबीत भरले. शेवटचा स्क्रू हातातून निसटला तो मीच उचलून आत टाकला.

"कोपऱ्यावरच्या त्या पोराकडे दे," ते म्हणाले. ज्याला आजवर त्यांनी 'बॅटरीवाला' यापलीकडे नाव दिलं नव्हतं, तो. "चांगलं करतो म्हणतात."

"राहू दे ना, बाबा. तुमच्या हाताने झालं की घालीन. मला कुठे घाई आहे?"

त्यांनी डबी माझ्या हातात ठेवून मूठ मिटवली.

"मीही हेच म्हणत होतो," ते म्हणाले. "जा, आजच देऊन ये."