न भाजणारे हात

पीठभट्टीपुढे पाय ठेवायला जागा नव्हती. वरच्या गावांहून तीन होड्या भरून माणसं आली होती. कसावा कंदाचं पीठ भाजायच्या तापल्या तव्याला संताचे भगत म्हणवणाऱ्या बेलार्मिनोबुवांनी नऊ वर्षांच्या लुझियाचं मनगट टेकवलं. कातडी लाल झाली, पण पोरगी हूं की चूं करेना. बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

"संत लाउरेन्सोला जाळीवर भाजला, तरी तो हसत होता," बुवा गरजले. "त्यानंच या घराण्याचं रक्त थंड केलंय. आधी आजा, मग मामा, आता ही."

मी इथली आरोग्यसेविका. अकरा वर्षं या नदीकाठी दारोदार फिरतेय. मामाचे, म्हणजे ओस्मारिनोचे, हात मी पाहिलेत. दोन बोटं झिजून गेली. ती म्हणे संतानं मागून घेतली! हा रोग आहे, डॉक्टर पाठवा, असे अर्ज मी आरोग्यखात्याला करून थकले आणि लोक त्या हातांचे मुके घेत राहिले. संताप संताप होतो.

त्या दिवशी माझ्या होडीत डॉक्टर झुलेइदी होत्या. एकाच घरात हा रोग ठाण मांडतो आणि शेजाऱ्याला शिवतही नाही, हे का, याचा त्या शोध घेत होत्या. गर्दीतून वाट काढत त्या थेट लुझियासमोर बसल्या.

"डोळे मीट, बाळा. कापूस लागला की 'हं' म्हण."

तळव्यावर हं. कोपरावर हं. मनगटावरच्या फिकट चट्ट्यावर त्यांनी कापूस तीनदा फिरवला.

"कधी लावणार?" लुझियानं विचारलं.

बुवा घाईनं म्हणाले, "तीच तर संताची कृपा."

"मग तुम्ही टेकवा हात," डॉक्टर त्यांना म्हणाल्या.

बुवांनी हात पाठीमागे नेले. "मी नुसता सेवक."

"सेवकाला चटका बसतो होय?" मागून कुणीतरी विचारलं.

"बसणारच," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांचा हात निरोगी आहे. हिचा नाही. हा कुष्ठरोग आहे. त्याच्या जंतूंनी इथल्या नसा बधिर केल्यात, म्हणून तिला कळत नाही. बहुतेकांचं शरीर हे जंतू परतवून लावतं. या घराण्याच्या जनुकांत या जंतूंशी लढायची तेवढी एक बाजू लंगडी असावी, असं माझ्या नमुन्यांवरून दिसतंय. हे वरदान नाही आणि शापही नाही. काही महिने गोळ्या घेतल्या की जंतू मरतात. गोळ्या फुकट मिळतात."

लुझियाची आई देउझारिना वर्षभर लोकांचे नमस्कार घेत होती. तिनं हळूच विचारलं, "गोळ्यांनी हिला पुन्हा चटका कळायला लागेल?"

"चट्टा लहान आहे. लागेल बहुतेक. चटका बसला की रडेलही."

देउझारिनानं गर्दीत उभ्या भावाच्या, ओस्मारिनोच्या, हातांकडे पाहिलं, बराच वेळ.

"द्या मग," ती म्हणाली.

पुढच्या गावात बुवांची भट्टी पुन्हा पेटल्याचं कानावर आलंय. म्हणून कळकळीनं सांगते, ज्याला चटका कळत नाही त्याच्या पाया पडू नका. त्याला दवाखान्यात आणा, बोटं शाबूत आहेत तोवर.