दोन भूतकाळ

महायुद्ध संपून वर्ष होत आलं तरी वडिवळ्याच्या सरुबाईचा नवरा रखमाजी मेसोपोटेमियाहून परतला नव्हता, आणि तो मेला असंही पलटणीने कळवलं नव्हतं. तळेगावचे केशव मास्तर लोकांना इंग्रजी अर्ज लिहून देत. रखमाजीचा शोध घ्यावा असा अर्ज करायला सरुबाई त्यांच्याकडे आली, तेव्हा ‘वडिवळ्याचा रहिवासी’ हे इंग्रजीत मांडताना मास्तर अडले.

“इंग्रजीत झालेल्या गोष्टीचे दोन काळ आहेत,” ते म्हणाले. “‘लिव्ह्ड’ लिहिलं तर तो राहत होता, संपलं. ‘हॅज लिव्ह्ड’ लिहिलं तर राहत आला आहे, म्हणजे अजून आहे. मेलेल्या माणसाला हे रूप लावत नाहीत.”

“मग त्येच लावा,” ती म्हणाली.

मास्तरांनी ‘हॅज’ लिहिलं. पाटलाची सही व्हायची म्हणून अर्ज त्यांच्याकडेच पडून होता, तोवर भातकापणीच्या दिवसांत रखमाजी घरी आल्याचं कानावर आलं आणि मास्तरांना मनापासून बरं वाटलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी भर दुपारी सरुबाई पुन्हा दारात उभी राहिली.

“मास्तर, त्याला त्या दुसऱ्या, संपलेल्या काळात घाला.”

“त्रास देतो का?”

“न्हाई वो. लय चांगला वागतो. पर त्यो हितं नव्हता, तवाचं बी सांगतो. मी एकली घरात काय पुटपुटले, त्ये सुदिक. आन् लढाईचं इचारलं की नुसता बघतो.”

“अहो बाई, जिवंत माणसाला मेलेला कसा लिहू?”

“जिता हाय का, तुमीच बगा. बाहीर बसलाय.”

ओट्यावर खाकी कोटातला एक माणूस पाठमोरा बसला होता. मास्तरांनी खिडकीतूनच विचारलं, “रखमाजी, पाणी हवं का?”

“नको. मी आत्ताच पाणी प्यायलो आहे,” तो न वळता म्हणाला.

मावळात जन्म गेलेला कुणबी असं बोलत नाही. ते वाक्य वर्गात ‘हॅज’चं उदाहरण म्हणून शिकवल्यासारखं होतं. शिवाय त्यातला स्वर, शेवटच्या शब्दावर थांबण्याची लकब, मास्तरांची स्वतःची होती. मग टेबलाशी येऊन त्यांनी अर्ज काढला आणि ‘हॅज’वर एक रेघ ओढली. सरुबाईने पदराच्या टोकाने कपाळावरचं कुंकू पुसलं. ती रडली नाही.

दोघांपैकी कुणीही बाहेर पाहिलं नाही.

“सरू,” ओट्यावरून शांत आवाज आला, “मी इथे बसलो होतो ना?”