गॅसच्या वाटेतला पांढरा गोटा

मित्रांनो, मी एक जुना पांढरा गोटा आहे. पण मला नुसता दगड समजून लाथाडू नका हं! शास्त्रात मला झिओलाइट म्हणतात. माझ्या अंगभर डोळ्यांना न दिसणारी छिद्रे आहेत. त्यांत मी अमोनिया नावाचा झोंबरा वायू धरून ठेवतो.

कळंबजवळच्या एका बंजारा तांड्यात विहीर खोदताना मी काळ्या पाषाणाच्या पोटातून बाहेर आलो आणि बरीच वर्षे बांधावर पडून राहिलो. पुढे तिथल्या सेवादासने शेणात कोंबड्यांची विष्ठा कालवून गोबरगॅस सुरू केला. त्या गॅसला असा उग्र दर्प, की त्याची बायको जमनी शेगडीपाशी डोळे चोळत बसे. तेव्हा संघदीप मिस्त्रीने आम्हा गोट्यांना फोडून एका नळकांड्यात भरले आणि ते गॅसच्या वाटेत बसवले. "हे भरले का मिठाच्या पाण्यात भिजवा, मंग उनात वाळवा," त्याने बजावले.

काय सांगू, किती कौतुक झाले माझे! जमनी शेजारणींना बोलावून सांगे, "पाहा, आता डोये झोंबत नाही."

मग मी अमोनियाने भरलो. धुवायची वेळ आली, तशी सेवादासची आई बसंतीबाई मिठाचा डबा छातीशी धरून उभी राहिली. "आपल्या पुरखायनं बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं. ते मी पाण्यात ओतून सांडू? मीठ सांडलं त वर गेल्यावर पापण्यानं उचला लागते!"

मला साध्या पाण्यात विसळले. त्याने मी रिकामा होत नाही, पण सांगणार कसा? मला तोंड कुठे आहे! अमोनिया माझ्या अंगावरून तसाच पुढे जाऊ लागला. जमनीचे डोळे पुन्हा लालभडक झाले. मला फार फार वाईट वाटे.

एका दुपारी ती आरशांचे भरतकाम घेऊन बसली. सुईत दोरा ओवता ओवेना. शेवटी तिने सुई खाली ठेवली आणि पदराने डोळे दाबून धरले. समोर डाळ निवडणारी बसंतीबाई उठली. तिने सेवादासला नळकांडे उघडायला लावले, आम्हाला टोपलीत घेतले आणि सगळे मीठ पाण्यात ओतले.

जमनी घाबरून सासूला म्हणाली, "याडी, हे काहून? पाप लागते न!"

"लागू दे. वर गेल्यावर उचलीन मी पापण्यानं. तुह्या पापण्या सलामत राहू दे, पोरी."

मित्रांनो, चुलीपाशी कोणाचे डोळे लाल दिसले, तर 'सवय होईल' म्हणू नका. आधी उठा आणि आम्हाला मिठाच्या पाण्यात धुवा.