मालिनीबाईंची जर्मन फौजदारीण

मी टीव्हीचा रिमोट आहे आणि माझा कोणावरही विश्वास नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा असा नव्हतो. अमेरिकेत, सनीव्हेलच्या या अपार्टमेंटमध्ये यतीन आणि सई या जोडप्यानं मला आणलं आणि सोफ्याच्या फटीत विसरूनही गेले. दोघं मोबाइलवरच बघणार, माझी आठवण कोणाला? मग पुण्याहून यतीनच्या आई, मालिनीबाई आल्या. त्यांनी मला शोधलं, पुसलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं आणि वर रबरबँड लावला. तेव्हापासून मला जग धूसर दिसतं. धूसर दिसलं की शंका येतातच.

मालिनीबाईंना नाद लागला जर्मन पोलीस मालिकांचा. त्यात फौजदार बाईच असते. हुशार, थकलेली, मोजकं बोलणारी. खुनी पकडते, पण स्वतःच्या बहिणीला वाचवायला पुरावा खुशाल नदीत टाकते.

"हिला चांगली म्हणायचं की वाईट?" मालिनीबाई मला घट्ट धरून विचारायच्या.

हळूहळू त्या घरातल्यांकडेही तशाच बघू लागल्या. एके दिवशी त्यांनी सुनेला समोर बसवलं.

"सई, तुमच्या ऑफिसात जेवण फुकट असतं ना? मग हल्ली डबा का नेतेस?"

सईला रडू फुटलं. "ले-ऑफ झालाय, आई. लायब्ररीत बसून अप्लाय करते. यतीनला प्लीज सांगू नका. तो लगेच सगळं गुंडाळून पुण्याला चला म्हणेल. माझा फायनल इंटरव्ह्यू बाकी आहे."

मुलानं परत यावं, हे मालिनीबाईंचं रोजचं पालुपद. आता एक वाक्य बोललं की काम फत्ते.

संध्याकाळी यतीननं विचारलंच, "आई, सई इतकी टेन्स का असते? तुला काही बोलली का?"

मालिनीबाईंनी पडद्यावरून नजर हलवली नाही. "काम वाढलंय म्हणत होती."

किती सहज. फक्त माझ्यावरचा त्यांचा अंगठा आवाजाचं बटण उगाचच दाबत होता.

तो आत गेल्यावर, स्वयंपाकघरातून सगळं ऐकलेली सई बाहेर येऊन हळूच म्हणाली, "थँक्यू, आई."

"आभार मानू नकोस. मला तो परत हवाच आहे. पण घाबरून आलेला नको."

सईला यातून काय समजलं, कोण जाणे. मला तरी अजून नीट उमगलेलं नाही.

माझ्या बॅटऱ्या संपत आल्यात. कोणीतरी बदला रे. ही बाई पुढे काय करते ते मला बघायचंय, आणि मी पडद्यावरच्या बाईबद्दल बोलत नाहीये.