अण्णारावांचा लिनिअर

मंजुश्रीनं अण्णारावांवर डूख धरला होता, आणि धरू नये तर काय करावं? नांदेडच्या कॉलेजात फिजिक्स शिकवता शिकवता तिनं स्वतःच्या हातानं एक छोटा रेडिओ सेट बांधला. ताकद पाच वॅटची, पण त्यावरून ती केरळातल्या माणसांशी बोलायची. लातूरचे अण्णाराव म्हणजे या भागातल्या हौशी रेडिओवाल्यांचे थोरले. त्यांनी तो कौतुकानं मागून नेला, आपल्या जुन्या लिनिअरला जोडला आणि पहिल्याच बटणाला जाळला. बरं, जाळला तर जाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे रेडिओवर जमले तेव्हा खुशाल सांगून मोकळे झाले, "बाईंचा सेट कच्चा निघाला. घरगुती काम, दुसरं काय!" तिच्याकडं सेट बांधायला शिकायला येणारी मंडळी मग एकेक करून गळाली. नाव बद्दू झालं ते झालंच.

खरं काय घडलं ते तिला सेट उघडताच कळलं. लिनिअर म्हणजे लहान सेटची ताकद वाढवणारं धूड. बोलायचं बटण दाबलं की सेटनं एका तारेतून त्याला "ऊठ" म्हणायचं. अण्णारावांचा लिनिअर व्हॉल्व्हच्या काळातला, त्याच्या त्या तारेत शंभरावर व्होल्ट. सेटमधला मुगाएवढा ट्रान्झिस्टर ते सोसणार कसा? मधे एक छोटा रिले, म्हणजे विजेनं उघडमीट होणारं बटण, घालायचा. सेट रिलेला उठवतो, रिले लिनिअरला, आणि दोघांच्या तारा एकमेकींना शिवत नाहीत. रिलेच्या कॉइलवर एक डायोड उलटा बसवायचा, म्हणजे कॉइल सुटताना मारते तो झटकाही सेटला लागत नाही. एवढंच. पण सांगायला गेली असती तर लोक म्हणाले असते, बाईंना नाचता येईना अंगण वाकडं. म्हणून ती मूग गिळून बसली आणि वाट बघत राहिली.

यंदा अण्णारावांनी परदेशी बनावटीचा महागडा छोटा सेट घेतला आणि सगळ्यांना बघायला घरी बोलावलं. मंजुश्री सकाळच्या एसटीनं लातूरला गेली. पर्समध्ये तिनं तसला रिलेचा डबा घेतला होता. मुद्दाम घेतला होता, न देण्यासाठी.

माडीवरच्या खोलीत सगळे दाटीवाटीनं बसले. अण्णारावांनी तीच जुनी तार काढली. त्यांच्या बायकोला, जगदेवीकाकूंना, कसं कोण जाणे सुचलं.

"बाईंला इचारा की एकदा."

"काय बाई, जोडू का असंच?" अण्णाराव हसत म्हणाले.

"अण्णा, तुमचं घर, तुमचा लिनिअर. मी काय सांगू?"

त्यांनी बटण दाबलं. टिक् झालं. नव्या सेटचा पडदा काळा पडला आणि जळका वास खोलीभर पसरला. मंजुश्रीला आनंद झाला. खोटं कशाला बोला, उकळ्या फुटल्या. काकूंनी हातात दिलेला चहा तिला अमृतासारखा लागला.

अण्णारावांनी काळ्या पडद्यावर दोनदा टिचकी मारली. मग मांडीवर थाप मारून म्हणाले, "मी म्हनलो व्हतो का न्हाई? हे छोटे सेट समदे असलेच. बाईंचा बी असाच गेला. कच्चा माल हाय!"

"हाव, खरंय," चौघं-पाचजण म्हणाले.

मंजुश्रीनं कप खाली ठेवला. आपलं नाव धुऊन काढणारी एकच गोष्ट होती, पर्समधला डबा मधे घालून हा सेट या लिनिअरवर चालताना यांना दाखवणं. तो सेटच तिनं आत्ता सगळ्यांदेखत जाळू दिला होता. आता खरं सांगावं, तर पहिला प्रश्न काकूच विचारणार, ठाऊक होतं तर बोलला का नाहीत?

काकू तिच्याकडंच बघत होत्या. "बाई, तुमी सोता बांधता. तुमाला तर कळत आसंल. काय झालं हो?"

सगळी खोली तिच्याकडं वळली.

"कच्चाच निघाला, काकू," मंजुश्री म्हणाली. "माझा होता तसाच."