ओळंबा, उजव्या हातावर

आमच्या ह्यांनी चौतीस वर्षं गवंडीकाम केलं. त्यांच्या भिंतीला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती, आणि बोलण्यातही ते कुणाला हार जायचे नाहीत. कामावर सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. दीड वर्षापूर्वी एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून ब्रश गळून पडला आणि तोंड वाकडं झालं. पक्षाघात. जीव वाचला, पण उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं.

गेलं म्हणजे अगदीच गेलं असं नाही. एक शब्द राहिला होता, 'खिडकी'. चहा हवा असला तरी खिडकी, चप्पल सापडत नसली तरी खिडकी, माझ्यावर चिडले की मोठ्यांदा खिडकी. समजत सगळं होतं, बाहेर पडताना शब्द वाट चुकायचा. आधी मी रडायचे, मग आम्ही दोघं हसायला शिकलो. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. डाव्या हाताने टेबलावर ठेका धरायचा आणि ठेक्यावर शब्द म्हणायचा, अशी त्यांची रीत. वर्षभरात पंचवीस-तीस शब्द जमा झाले. काठी टेकत चालूही लागले, पण उजवीकडे कलून.

एकदा दवाखान्याबाहेर बसची वाट बघत होतो. शेजारच्या माणसाच्या हातावर मासा गोंदलेला होता. हे टक लावून बघत राहिले. मग माझी बाही ओढली, माशाकडे बोट केलं आणि आपल्या उजव्या हातावर थापटी मारली.

घरी आल्यावर जुन्या कॅलेंडरच्या मागे त्यांनी डाव्या हाताने चित्र काढलं. एक उभी रेघ, तिच्या टोकाला काहीतरी गोल आणि खाली निमुळतं.

"पेरू?" मी विचारलं. "भोवरा? दिवा?"

त्यांनी कपाळाला हात लावला, काठी घेतली आणि माळ्याखालच्या हत्यारांच्या पेटीत हात घातला. दोरी गुंडाळलेलं पितळी वजन माझ्यासमोर आदळलं. ओळंबा. भिंत सरळ आहे की नाही, हे बघायला वरून सोडतात तो.

"या वयात गोंदून घ्यायचं? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं.

"खिडकी," ते म्हणाले. त्याचा अर्थ मला बरोबर कळला आणि तो इथे सांगण्यासारखा नाही.

लेकीने एका टॅटूवालीला फोन लावला. ती म्हणाली, आधी नुसतं बोलायला या. डॉक्टरांची चिठ्ठी आणा, कारण रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. जे हवंय त्याचं चित्र किंवा वस्तू आणा. "आणि काय हवंय ते काकांनी स्वतः मला सांगायचं."

"त्यांना नीट बोलता येत नाही," लेक म्हणाली.

"चालेल. माझ्याकडे वेळ आहे. कातडी त्यांची आहे ना?"

पाच आठवड्यांनंतरच्या शनिवारची सकाळ ठरली.

आधी डॉक्टर. त्यांनी कागद चाळले, रक्त तपासायला लावलं आणि बजावलं, "गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. जपून केलं तर हरकत नाही. पण उजव्या हाताला स्पर्श कमी कळतो. डाव्यावर घ्या."

"उजवा," हे म्हणाले. इतकं स्वच्छ, की डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग चिठ्ठी लिहून दिली.

त्यानंतर स्वयंपाकघराच्या टेबलावर आमची शाळा भरायला लागली. तीन वाक्यं ठरली. मला ओळंबा हवाय. उजव्या हातावर. मनगटाकडे टोक. 'मला' लगेच आलं. 'ओळंबा' मात्र हट्टी निघाला. कधी ओळखा, कधी आंबा, एकदा तर भोपळा. ज्या शब्दावर उभा जन्म काढला, तोच जिभेवर येईना. एका दुपारी त्यांनी वाटी भिरकावली आणि दोन दिवस टेबलाशी फिरकले नाहीत. मीही आग्रह केला नाही. तिसऱ्या दिवशी मी भाजी चिरत होते, तर मागून आवाज आला, टक, टक, टक. "ओ. ळं. बा." मी मागे वळले नाही. ते पुन्हा म्हणाले. चार वेळा म्हणाले. भाजी जरा जास्तच बारीक चिरली गेली त्या दिवशी.

शनिवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. टॅटूवालीची खोली चष्म्याच्या दुकानावर होती. चढताना त्यांनी मला हात लावू दिला नाही. आत पांढरा दिवा, टेकून बसायची खुर्ची, भिंतीवर चित्रंच चित्रं. ती आमच्या लेकीपेक्षाही लहान. तिने चिठ्ठी वाचली, त्यांचा उजवा हात दोन्ही हातांत घेऊन उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, "बोला काका, काय काढायचं?"

यांनी श्वास घेतला. "खिडकी."

लेकीने खाली पाहिलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांची कोपरखळी बसली. टॅटूवाली तशीच बसून राहिली. तिने ना मान हलवली, ना घड्याळ पाहिलं. त्यांनी डावा हात मांडीवर ठेवला. टक. टक.

"मला. ओळंबा. हवाय." मग न थांबता, "उजव्या हातावर. मनगटाकडे टोक."

तिने समोर ठेवलेला ओळंबा पाहत कागदावर भराभर चित्र काढलं. वजन हुबेहूब. दोरी मात्र तिने वेलीसारखी छान वळवली होती.

"नाही," हे म्हणाले. "दोरी ताठ."

"थोडी हलती ठेवू? जिवंत वाटेल."

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. कपाळाची शीर फुगली. मला वाटलं, आता संपलं, यापुढचं आम्ही घोकलंच नव्हतं.

"वारा," ते म्हणाले. "वारा असतो. हलतो. मग... थांबायचं. आपण थांबायचं. मग ताठ."

टॅटूवालीने तो कागद बाजूला सारला, नवा घेतला, पट्टी लावली आणि एक सरळ रेघ ओढली. "अशी?"

"अशी," मिस्त्री म्हणाले. माझ्याकडे पाहिलं ते अगदी जुन्या दिवसांसारखं, भिंत पूर्ण झाल्यावर मालकाकडे पाहायचे तसं.

फॉर्मवर त्यांनी डाव्या हाताने सही केली. कोंबडीच्या पायांसारखी, पण स्वतःची. पुढच्या महिन्याची तारीख मिळाली.

खाली रस्त्यावर आलो तेवढ्यात माझा फोन वाजला. नणंद होती. दीड वर्ष ती रोज मलाच विचारायची, दादा कसा आहे. मी सांगायला लागले, तर यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि कानाला लावला.

"मी बोलतोय," ते म्हणाले.

पलीकडून एकदम बराच आवाज आला. हे काठी काखेत धरून, भिंतीला टेकून बोलत राहिले. अर्धे शब्द चुकत होते, उरलेले बरोबर होते. मी आणि लेक चार पावलं पुढे जाऊन उभ्या राहिलो. एक बस गेली, दुसरी गेली. आम्हाला काही घाई नव्हती.