माळावरचा जांभळा

श्रीधररावांनी जुनं चित्र मांडीवर घेतलं आणि खालच्या कोपऱ्यावरून कोरडा ब्रश फिरवायला सुरुवात केली. गवताचा हिरवा भुकटी होऊन वर्तमानपत्रावर गळू लागला. खालून काळपट, खरखरीत कागद वर आला.

तो पॉलिश पेपर होता. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात लोखंड घासून झिजलेले, टाकून दिलेले असे कागद नोकरीत असताना ते घरी आणत. त्यांच्या उरल्यासुरल्या खरखरीवर मऊ खडूचा रंग छान धरायचा. निवृत्तीनंतर कागद मिळेनासे झाले, तेव्हा जुनं चित्र झटकून त्यावरच नवं काढायची सवय लागली.

मोतीबिंदूची पट्टी नुकतीच सुटली होती. त्याआधी दोनेक वर्षं सगळं जग त्यांना कोऱ्या चहात बुडवल्यासारखं दिसे. तरी पाऊस सरला की ते पीण्यापलीकडच्या तळ्याकाठी, रानफुलांच्या माळावर जाऊन बसत. शेजारी त्यांची बायको हेमावती खडूंचा डबा घेऊन बसे. ते रंग मागत, ती तळहातावर ठेवी. न दिसणाऱ्या डोळ्यांनी काढलेली ती चित्रं आता सगळी पुसायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

ब्रश वर सरकला आणि थांबला.

तिथे केना या रानफुलाचा निळा होता. त्याला लागून कुर्डूच्या तुऱ्यांचा फिकट गुलाबी, आणि मागे, गवत आभाळाला मिळतं तिथे, धुक्यासारखा पसरलेला जांभळा. ही जागा त्यांना नीट आठवत होती. इथे त्यांनी पिवळा मागितला होता. माळ म्हटलं की ते नेहमी पिवळाच मागत.

त्यांनी पेटीतली बाकीची चित्रं काढून जमिनीवर मांडली. पिवळा कुठेच नव्हता. पण वारा होता. ढगाची सावली गवतावरून सरकत होती, आणि बघता बघता आपणही तिच्यामागून चालू लागलो आहोत असं त्यांना वाटलं. उठून ते बाहेरच्या खोलीत गेले. भिंतीवर त्यांची चांगल्या डोळ्यांच्या काळातली चित्रं होती, स्वच्छ, नेटकी. थोडा वेळ त्यांच्यासमोर उभे राहून ते परत आले.

"हेमा."

हेमावती पदराला हात पुसत आली. जमिनीवरची चित्रं पाहून उंबऱ्यातच थांबली.

"मी पिवळा मागायचो."

"हो."

"मग?"

"पहिल्यांदा चुकून दुसरा दिला. तुमचा हात थांबला नाही." ती खाली बसली. अर्धवट पुसलेलं चित्र तिने उचललं, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. "तिथे पिवळं काही नव्हतंच हो."

"सांगितलं नाहीस?"

"दिसत नाही म्हणून तुम्ही आधीच खचला होता. त्यात मी कुठे चुका काढू?" मग अगदी हळू म्हणाली, "आणि मला आवडायचं."

श्रीधररावांनी चित्रं एकेक करून पुन्हा पेटीत ठेवली. ब्रश धुवून वाळत घातला.

रविवारी ते माळावर गेले. तळ्यावर अजून धुकं होतं, कारखान्यांचे भोंगे सुटीमुळे गप्प होते. श्रीधररावांनी कागद लावलेली फळी हेमावतीच्या मांडीवर ठेवली आणि डबा स्वतःकडे घेतला.

"मला रेघ येत नाही," ती म्हणाली.

"स्वल्प, थोडंसंच काढ. मग बघू."

"सरी," असा कानडीत होकार देऊन ती हसली. बराच वेळ नुसती समोर बघत राहिली. मग त्यांच्याकडे न पाहताच तिने हात पुढे केला.

"पांढरा."

त्यांनी दिला. तिने तो गवतासमोर धरून पाहिला आणि परत केला.

"हा नव्हे. वाटेवरच्या एकदांडीचा. धूळ बसलेला."

श्रीधरराव डब्यात शोधत राहिले. मग डबा गवतात ठेवून ते उठले, वाटेच्या कडेला उकिडवे बसले आणि एका फुलापाशी हळूच तोंड नेऊन त्याचा धुळकट पांढरा निरखू लागले.